विद्येच्या कारखान्यातील चाकरी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मुलगा बी. एस्सी. झालेला, पदार्थविज्ञानात बरी गती असलेला, आणि दोन वर्षे स्पर्धा परीक्षांच्या मागे लागून थकलेला. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर एक नेमणूकपत्र होते. शिक्षण-तंत्रज्ञानाचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीने त्याला ‘अ‍ॅकॅडेमिक कौन्सेलर’ म्हणून बोलावले होते. पगाराचा आकडा असा होता, की माझ्या वीस वर्षांच्या मास्तरकीने मान खाली घालावी.

“सर, शिक्षणाचंच काम आहे ना हे?” त्याने विचारले. “जाऊ का?”

मला चटकन उत्तर देता आले नाही. नको म्हणावे, तर घरी बसलेल्या मुलाला नको म्हणण्याचा मला अधिकार काय? हो म्हणावे, तर मनात कुठेतरी खुटखुट होत होती. “चार दिवसांनी ये,” असे सांगून मी त्याला वाटेला लावला. आणि ते चार दिवस, जुन्या पुस्तकांत नाक खुपसण्याची खोड असल्यामुळे, मी एकाच प्रश्नात घालविले. विद्या देण्याचे नवे साधन जेव्हा जेव्हा निघाले, तेव्हा तेव्हा त्याने कोणाला चाकरी दिली? कसली दिली? आणि ते साधन मोडल्यावर त्या चाकरांच्या हाती काय राहिले? त्या चार दिवसांचा हा हिशेब आहे.

* * *

‘शिक्षण-तंत्रज्ञान’ हा शब्द नवा आहे. वस्तू जुनी आहे. आपल्याकडच्या पंतोजीच्या शाळेत साधन म्हणजे धूळ पसरलेली पाटी आणि मुलाचे बोट. त्या साधनाला कारखाना लागत नसे, विक्रेता लागत नसे. पंतोजी एकटाच लेखक, एकटाच शिक्षक आणि एकटाच वसुली कारकून! गावाने धान्य दिले तर शाळा चाले, नाही दिले तर मोडे.

छापील पुस्तक आले आणि या एकट्या माणसाच्या कामाची वाटणी सुरू झाली. मराठीपुरते बोलायचे तर ही वाटणी महाराष्ट्राबाहेर, बंगालात सुरू झाली. श्रीरामपूरच्या मिशनरी विल्यम कॅरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारच्या साहेबांना मराठी शिकवी. त्याच्या पाठीशी वैजनाथ नावाचे एक मराठी पंडित होते. अक्षरांचे ठसे कापण्याची विद्या तेथे पंचानन कर्मकार या लोहारकाम करणाऱ्या बंगाली कारागिराने आणली आणि त्याचा जावई मनोहर याने पुढे चालविली. म्हणजे आपल्या पहिल्या छापील पाठ्यपुस्तकाच्या मागे एक परका मालक, एक मराठी पंडित आणि बंगाली कारागीर अशी मंडळी होती. आजच्या भाषेत बोलायचे तर भांडवल, आशय आणि यंत्र. यादी तीच राहिली आहे.

पण खरी गर्दी झाली ती १८१८ नंतर. पेशवाई बुडाली आणि तिच्या आश्रयावर जगणारे शास्त्री-पंडित उघड्यावर पडले. रमण्यातली दक्षिणा आटली. अशा वेळी मुंबईस १८२२ साली शाळापुस्तकमंडळी निघाली. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे तिला पाठबळ होते आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते. शाळा काढायच्या तर पुस्तके हवीत, पुस्तके हवीत तर लिहिणारे हवेत, आणि लिहिणारे हवेत तर दोन्ही भाषा जाणणारे हवेत. एका मंडळीतून अशा कितीतरी नव्या चाकऱ्या निघाल्या. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिचे देशी चिटणीस झाले; १८२८ साली त्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीति’ ही भाषांतरे निघाली. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांचे सोबती शास्त्री कोशाच्या कामाला बसले. तो शास्त्र्यांचा मराठी कोश १८२९ साली बाहेर पडला. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा; त्याच्याही मागे शब्द गोळा करणारे, अर्थ सांगणारे शास्त्री होतेच. बाळशास्त्री जांभेकर याच मंडळीच्या चाकरीत पुढे आले, आणि १८३२ च्या जानेवारीत त्यांनी ‘दर्पण’ काढले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे.

ही नावे आपण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात वाचतो आणि हात जोडतो. ती सारी माणसे त्या वेळच्या शिक्षण-तंत्रज्ञानातले नोकरदार होती, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. नव्या साधनाने त्यांना पगार दिला. आणि त्यांनी त्या साधनाला भाषा दिली. सौदा बरोबरीचा होता.

पुस्तकाच्या पलीकडे छापखाना होता, आणि तेथे शास्त्र्यांहून वेगळ्या लोकांना जागा मिळाली. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले गृहस्थ. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली त्यांनी काम पाहिले, आणि १८३१ साली स्वतःचा शिळाछाप काढून पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला शिवायचे नाही, असा सोवळ्यातल्या मंडळींचा हट्ट होता. या गृहस्थांनी तुपाची शाई करून तो हट्ट मोडून काढला. त्याच मिशनच्या छापखान्यात पुढे जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा टाइप घासण्याच्या कामाला लागला. टाइप घासणे म्हणजे ओतून निघालेल्या शिशाच्या खिळ्यांची कड साफ करणे. छापखान्यात याहून हलके काम नसेल. पण मुलाचा डोळा खिळ्यावर होता. खिळा कसा ओततात, अक्षराची काना-मात्रा कुठे तुटते, शिशात काय मिसळले म्हणजे टाइप टिकतो, हे सारे त्याने हेरून ठेवले. मिशन, मग ‘टाइम्स’, मग ‘इंदुप्रकाश’ असे मालक बदलत गेले. १८६४ साली त्याने स्वतःचा टाइपांचा कारखाना घातला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू हे ठसे कापणारे त्याचे सोबती. निर्णयसागराच्या टाइपाची सफाई आणि तिथल्या शास्त्र्यांनी तपासलेल्या संस्कृत पुस्तकांची शुद्धता यांचा लौकिक देशभर झाला.

जावजींची ही कथा मी मुद्दाम लांबविली. पहिल्या नोकरीत त्यांना पगार फारसा नव्हता, हुद्दा तर मुळीच नव्हता. पण ते काम हाताला काहीतरी शिकवीत होते. मालक मागे राहिला, विद्या बरोबर आली.

* * *

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. कारण विद्येच्या व्यापारात विक्रेता नावाचा माणूस कसा शिरला, हे समजायला ते गाव फार सोयीचे आहे.

टपालाने विद्या पाठविण्याची युक्ती इंग्लंडची. १८४० साली तेथे एका पेनीत पत्र कोठेही जाऊ लागले, आणि लघुलेखनाच्या एका पद्धतीचा जनक आयझॅक पिटमन याने टपालाने धडे पाठवून ते तपासून परत करण्यास सुरुवात केली. त्यात एक शिक्षक होता, एक विद्यार्थी होता, आणि मध्ये टपालवाला होता. चौथा कोणी नव्हता.

पेनसिल्व्हेनियातील स्क्रॅन्टन हे कोळशाच्या खाणींचे गाव. खाणीत अपघात फार होत. १८८५ साली तिथल्या सरकारने खाणीतल्या मुकादमांना आणि तपासनिसांना परीक्षेची सक्ती केली. टॉमस फॉस्टर नावाचा एक संपादक खाणकामगारांसाठी पत्र चालवी. त्याच्याकडे कामगारांच्या शंका येऊ लागल्या. त्या शंकांच्या सदरातून त्याने टपाली पाठ काढले, आणि १८९१ साली त्यातून जी शाळा उभी राहिली ती पुढे ‘इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स’ या नावाने जगभर पसरली. सुरुवात किती चांगली! दिवसभर कोळसा फोडणारा माणूस रात्री चिमणीजवळ बसून भूमिती शिकतो आणि मुकादम होतो. शाळेने आपली पुस्तके स्वतः लिहवून घेतली, कारण विद्यापीठाची पुस्तके त्या माणसाला कळणारी नव्हती. ज्या अभियंत्यांनी आणि मास्तरांनी ती लिहिली, त्यांना चांगले काम मिळाले.

पण टपालाने शिकणारा विद्यार्थी आपण होऊन शाळेत येत नाही. त्याला गाठावे लागते. म्हणून शाळेने गावोगाव विक्रेते नेमले. त्यांना विकलेल्या पाठमालेवर दलाली मिळे. शाळा वाढली तसे विक्रेते वाढले. तिचे पाहून दुसऱ्या अनेक शाळा निघाल्या. त्यांतल्या पुष्कळशांना तर शिकविण्याचे नावच होते. फी आधी घ्यायची किंवा हप्त्यांच्या करारात माणसाला बांधायचे, आणि त्याने चार धड्यांनंतर अभ्यास सोडला की उरलेला पैसा नफा! विद्यार्थी शिकला तर तपासनिसाचा खर्च. शिकणे सोडले तर तो खर्चही वाचला. जॉन नॉफ्सिंगर यांनी १९२६ साली या शाळांची पाहणी करून पुस्तक लिहिले, तोवर ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांवर आली होती. शिकविण्यावरचा खर्च लहान, विक्रीवरचा खर्च मोठा.

आपला जुना प्रश्न येथे विचारू. या शाळांच्या विक्रेत्याच्या हाती काय राहिले? तो काही वाईट माणूस नव्हता. बहुधा चांगला बोलणारा, हुशार, घरच्या गरजेने बाहेर पडलेला तरुण असेल. पण आज पाठमाला, उद्या शिवणयंत्र, परवा विमा, असेच त्याचे आयुष्य गेले असणार. विद्येच्या कारखान्यात राहून त्याला विद्येचा स्पर्श झाला नाही.

* * *

आपल्या देशात विसाव्या शतकात नवी साधने आली ती सरकारच्या हाताने. सिनेमा आला तेव्हाच शाळांतील पुस्तके लवकरच निकामी होतील, असे भाकीत एडिसनसाहेबाने १९१३ साली करून ठेवले होते. पुस्तके काही गेली नाहीत. पुढे रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी.

विक्रम साराभाईंच्या मनात उपग्रहावरून खेड्यांना शिकविण्याची कल्पना होती. ते १९७१ साली गेले. पण १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत संच बसवून तो प्रयोग झाला. अहमदाबादेत यश पाल यांच्या हाताखाली जी मंडळी तेव्हा कामाला लागली त्यांत अभियंते होते, तसे कार्यक्रम लिहिणारे, चित्रण करणारे आणि खेड्यांत राहून लोकांना त्यातून काय कळले हे टिपणारे समाजशास्त्राचे अभ्यासकही होते. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. तयार झालेली माणसे मात्र राहिली, आणि पुढच्या दूरदर्शनच्या कामाला त्यांची विद्या उपयोगी पडली.

१९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. ज्यांचे बालपण त्या दशकात आणि पुढच्या दशकात गेले, त्यांना दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम आठवत असतील. मराठी मुलांसाठी मराठीत दृश्यपाठ करणारी ती सरकारी संस्था. लेखक, संकलक, कॅमेरामन, बाहुल्या नाचविणारे, चित्रकार अशा कितीजणांना तेथे काम मिळाले! मुलांशी बोलताना वाक्य किती लांब असावे, पडद्यावर अक्षर किती वेळ ठेवावे, हे शास्त्र तेथे मराठीत घडत होते. पुढे अनुदान आटले, संस्था रखडली, आणि २०१७ साली शासनाने ती बंद केली. तिच्यामागोमाग तीनच वर्षांत असा काळ आला, की राज्यातील एकूण एक शाळा बंद झाल्या आणि प्रत्येक घराला दृश्यपाठांची गरज पडली. ज्या संस्थेचा जन्मच त्या कामासाठी होता, ती तेव्हा नव्हती. खाजगी कंपन्यांच्या दोषांवर आपण बोट ठेवतो तेव्हा हेही आठवावे. सरकारी घरही बसतेच. फक्त त्याचा आवाज होत नाही.

दरम्यान संगणक आला होता. दिल्लीकडची एनआयआयटी १९८१ ची, मुंबईची अ‍ॅप्टेक १९८६ ची. शहरोशहरी त्यांचे वर्ग निघाले. महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांपर्यंत संगणकाचा वर्ग पोचला तो मात्र २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनमुळे. तिचा एमएस-सीआयटी हा पाठ्यक्रम सरकारी नोकरीच्या अटीत शिरला, आणि बसस्थानकासमोर, बँकेच्या माडीवर, पिठाच्या गिरणीशेजारी त्याची केंद्रे उघडली. या केंद्रांनी ज्या चाकऱ्या दिल्या त्यांचे वर्णन अजून कोणी कादंबरीत केलेले नाही. बारावी झालेली मुलगी सकाळी आठ वाजता केंद्राचे कुलूप उघडते, वीज गेली तर बॅटरी पाहते, आणि पन्नाशीच्या तलाठ्याला ‘भाऊसाहेब, उंदीर असा धरा’ म्हणून शिकविते. पगार बेताचा, पण गावात तिला मॅडम म्हणतात. त्या खुर्चीवरून पुढे स्वतःचे केंद्र काढणारी, ग्रामपंचायतीच्या संगणकावर बसणारी, पुण्याच्या कचेरीत जाणारी मुले-मुली मी पाहिली आहेत. येथे शिकविणे खरे होते, म्हणून चाकरीही खरी ठरली.

* * *

आता अलीकडच्या काळाकडे येतो.

केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातले बायजू रवीन्द्रन हे शिक्षक आई-वडिलांचे चिरंजीव, शिक्षणाने अभियंते आणि स्वभावाने मास्तर. स्पर्धा परीक्षांचे त्यांचे वर्ग इतके गाजले, की सभागृहे भरत. २०११ साली त्यांनी कंपनी काढली, २०१५ साली मोबाइलवरचे अ‍ॅप आणले. २०१९ साली भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर कंपनीचे नाव झळकले. मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि अशा सर्व कंपन्यांचे नशीब उघडले. २०२२ साली या कंपनीचे मोल २२ अब्ज डॉलर धरले जात होते आणि तिच्या पदरी सुमारे ५० हजार माणसे होती. त्याच वर्षी शाळा पुन्हा भरल्या. ऑक्टोबरात कंपनीने अडीच हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. डिसेंबरात, पालकांना कर्जाच्या करारात गुंतवून पाठ्यक्रम विकले जातात अशा बातम्यांची दखल घेऊन राष्ट्रीय बालहक्क आयोगाने मालकांना बोलावणे धाडले. जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. निमित्त झाले क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीचे. ज्या क्रिकेटने नाव घरोघर नेले, त्यानेच दार वाजविले.

मला या माणसाचा राग येत नाही. चांगला मास्तर होता. स्क्रॅन्टनचा फॉस्टरही चांगला संपादक होता. पण एका माणसाची शिकविण्याची हातोटी बाटलीत भरून कोटी घरांना विकायची म्हटली, की बाटल्या विकणाऱ्यांची फौज उभारावी लागते. आणि फौजेचे पोट भरण्यासाठी रोज नवी घरे शोधावी लागतात. मग शिकणारा मागे पडतो, घेणारा पुढे येतो. टपालाच्या जागी अ‍ॅप आले, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण मुंबईचे. २०१८ साली निघालेल्या व्हाइटहॅट ज्युनियर या कंपनीने मुलांना संगणकाची आज्ञावली शिकविण्यासाठी घरी बसलेल्या सुशिक्षित स्त्रियांना शिक्षिका म्हणून घेतले. ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. लग्नानंतर पदवी पेटीत ठेवलेल्या हजारो स्त्रियांना त्यामुळे घरातून काम मिळाले, स्वतःचा पैसा मिळाला. पण कंपनीच्या जाहिराती इतक्या वाहवत गेल्या, की २०२० साली जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाला त्या मागे घ्यायला लावाव्या लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती ३० कोटी डॉलरला बायजूने घेतली. २०२२ साली, कचेरीत हजर व्हा असा हुकूम निघाल्यावर, आठशेंहून अधिक नोकरांनी राजीनामे दिले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रयागराजच्या अलख पांडे यांनी २०१६ साली यूट्यूबवर पदार्थविज्ञान शिकवायला सुरुवात केली. २०२० साली त्याची कंपनी झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचे भाग शेअरबाजारात आले. कमी फी आणि आधीच ऐकणारे विद्यार्थी, हे तिचे भांडवल. ती पुढे काय होईल ते काळ सांगेल. पण तिथे आधी फळा होता, मग दुकान आले, एवढे खरे.

आणि ज्याने कंपनी काढलीच नाही असाही एक मास्तर आपल्याकडे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात चौकटीचे संकेतचिन्ह छापून त्यातून पाठ ऐकण्या-पाहण्याची युक्ती रुजविली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली.

* * *

तर मग या कंपन्यांत चाकऱ्या असतात तरी कोणत्या? नावे भारदस्त असतात, म्हणून साध्या मराठीत सांगतो. धडे लिहिणारे आणि तपासणारे असतात. त्यात मराठीत भाषांतर करणारेही आले. पडद्यावर शिकविणारे असतात. विद्यार्थ्यांच्या शंका सोडविणारे असतात. चित्रे हलविणारे, ध्वनी जुळविणारे असतात. आज्ञावली लिहिणारे आणि तिच्यातल्या चुका शोधणारे असतात. आणि विकणारे असतात. विकणाऱ्यांच्या हुद्द्यात ‘विक्री’ हा शब्द बहुधा नसतो. कोणी ‘कौन्सेलर’ असतो, कोणी ‘असोसिएट’. माझ्या विद्यार्थ्याचे नेमणूकपत्र मी पुन्हा वाचले तेव्हा पगाराच्या आकड्यातला मोठा भाग ‘कामगिरीवर अवलंबून’ असल्याचे खालच्या बारीक अक्षरांत आढळले. कामगिरी म्हणजे काय, हे कुठे लिहिलेले नव्हते.

जावजींच्या उदाहरणावरून मी उत्तर जवळजवळ ठरविले होते: हाताला विद्या देणारे काम घे. पण तिसऱ्या रात्री माझ्याच उत्तराने मला अडविले. विद्या देणारे काम तरी टिकते का? चेग नावाच्या अमेरिकन कंपनीसाठी आपल्याकडचे कित्येक पदवीधर घरी बसून गणिताच्या, रसायनाच्या शंका सोडवीत. काम विद्येचे, स्वच्छ. २०२२ च्या अखेरीस उत्तरे देणारे बुद्धियंत्र आले, आणि मे २०२३ मध्ये त्या कंपनीच्या भागांची किंमत एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आली. मग जावजींचा खिळा तरी कुठे राहिला? शिशाचे टाइप भंगारात गेले, खिळे जुळविणाऱ्यांच्या पेट्या मोडल्या.

तेव्हा मला र. कृ. जोशी आठवले. अक्षरांचा हा वेडा चित्रकार मुंबईच्या आयआयटीत सुलेखन शिकवी. संगणकावर देवनागरी आणायची वेळ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा टाइप त्यांनी घडविला, आणि कितीतरी वर्षे लाखो मराठी माणसांनी पडद्यावर जे मराठी वाचले ते त्या अक्षरांत. शिसे गेले, पण काना कुठे द्यायचा, वेलांटी कुठवर न्यायची, हे ज्ञान गेले नाही. ते एका साधनावरून दुसऱ्या साधनावर उतरले. टाइप घासणारा मुलगा शिशात नुसता खिळा पाहत बसला असता तर शिशाबरोबर संपला असता. त्याने अक्षर पाहिले. शंका सोडविणाऱ्यालाही हेच लागू. नुसती उत्तरे लिहून देणारा यंत्रापुढे हरेल. मुलाची चूक कुठून निघाली हे ज्याला दिसते, त्याला पुढचे साधनही बोलावील. निदान मला तरी असे वाटते.

चौथ्या दिवशी तो आला. मी त्याला खूप काही सांगणार होतो; प्रत्यक्षात दोनच गोष्टी बोललो. “त्यांना विचार, की तुझ्या दिवसाच्या कामात तुला एकही मूल शिकताना दिसणार आहे का? आणि उद्या कंपनी बंद पडली, तर आज येत नाही असं काय तुला येत असेल?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, हे विचारलं तर ते नोकरीच देणार नाहीत.”

“असेलही तसं,” मी म्हटले. “घरची अडचण असेल तर जा. विक्री काही पाप नाही. पण शिक्षणाचं काम करतोय असं स्वतःला सांगू नकोस.”

त्याने काय विचारले मला ठाऊक नाही. महिन्याभराने पुन्हा आला तो हातात कागद घेऊन. ती नोकरी त्याने घेतली नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणी मराठीत धडे लिहिणारे हवे होते. पगार पहिल्याच्या निम्माही नव्हता. त्यांनी नमुना मागितला होता: आठवीच्या मुलांसाठी ‘घर्षण’. त्याने चार पाने लिहिली होती. पहिली दोन पुस्तकी होती. तिसऱ्या पानावर, पावसाळ्यात शेणाने सारवलेल्या अंगणात आजी घसरली आणि आजोबांनी तिथे राख टाकली, असे एक उदाहरण होते. मी त्या उदाहरणाखाली रेघ मारली, दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि पहिली दोन पाने पुन्हा लिहायला सांगितली.

त्याने ती पुन्हा लिहून पाठविली आहेत. निकाल अजून यायचा आहे.